९५ ऑक्टेन पेट्रोल साध्या गाडीला घालावं का? (आंबा घाटात इंजिन वाजतंय)

खाडीकाठ, रत्नागिरी – ३ ऑगस्ट २०२५

गेल्या आठवड्यात आईला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे कोल्हापूरला घेऊन गेलो. २०२२ची १.२ लिटरची पेट्रोल हॅचबॅक आहे. गाडीत पाच माणसं, डिकीत मावशीकडे द्यायला फणसाची साठं आणि कोकमाच्या बाटल्या, एसी चालू. साखरपा सोडलं आणि घाट लागला. पुढे सळ्यांनी भरलेला ट्रक रांगत होता. तिसऱ्या गिअरमध्ये वेग पंचविसावर आला, गिअर न बदलताच मी ॲक्सिलरेटर दाबला आणि बॉनेटखालून आवाज सुरू झाला. पत्र्याच्या डब्यात खिळे घालून कुणी भराभर हलवावेत तसा. पाय उचलला की बंद, दाबला की पुन्हा सुरू. मागून आई म्हणाली, “अरे, तो डबा कसला वाजतोय?”

परतताना पंपावरच्या मुलाला सांगितलं. तो म्हणाला, “दादा, ९५ टाका. आवाज जाईल, ताकद वाढेल आणि ॲव्हरेजपण दोनने वाढेल.” लिटरमागे सात-आठ रुपये जास्त, ३७ लिटरची टाकी, म्हणजे दर वेळी अडीचशे-तीनशे रुपये वर. टाकलं, कारण चोवीस दिवसांवर गणपती आहेत आणि तेव्हा पुन्हा भरली गाडी घेऊन घाट चढायचाय. टाकीच्या झाकणाच्या आत मात्र ‘९१ किंवा त्याहून जास्त’ असं लिहिलंय.

त्या मुलाने सांगितलेल्या तीन गोष्टींतली खरी कोणती? ज्यांनी स्वतः करून बघितलंय त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

जुनागॅरेज, चिपळूण – ३ ऑगस्ट

तीस वर्षं हात काळे करतोय, म्हणून लिहितो. पहिली गोष्ट अर्धी खरी आहे. बाकीच्या दोन तुमच्या गाडीला लागू नाहीत.

आवाज कसला ते आधी समजून घ्या. प्लगने ठिणगी टाकली की आग तिथून पसरत पसरत सिलिंडरच्या कडेपर्यंत जाते. ती पोचायच्या आत कडेला उरलेलं मिश्रण दाबाने आणि उष्णतेने इतकं तापतं की कधी कधी आपोआप, एकदम पेटतं. त्याचा जो धक्का बसतो तो तुमच्या आईने ऐकलेला डबा. आम्ही त्याला नॉकिंग म्हणतो. चालकाने इंजिन कमी वेगावर ठेवून वर ओझं टाकलं की हे हमखास होतं. तिसऱ्या गिअरमध्ये पंचवीसचा वेग, चढ, पाच माणसं, एसी. अहो, ते इंजिन गिअर मागत होतं.

ऑक्टेन म्हणजे पेट्रोलचा सोशिकपणा. आकडा जितका मोठा तितकं ते दाब सोसतं, ठिणगीची वाट बघतं, आपोआप पेटत नाही. आग काही त्यात जास्त भरलेली नसते. त्यामुळे जे इंजिन मुळात वाजतच नाही, त्याला जास्त सोशिक पेट्रोल देऊन मिळणार काय?

पूर्वी कार्ब्युरेटरच्या गाड्या होत्या तेव्हा टायमिंग, म्हणजे ठिणगी नेमकी कधी पडावी ते, आम्ही हाताने लावायचो. डिस्ट्रिब्युटरचा बोल्ट ढिला करायचा, इंजिन चालू ठेवून तो केसभर फिरवायचा, मग गाडी घेऊन परशुराम घाटात जायचं. चढावर वाजली की खाली उतरून पुन्हा केसभर मागे. पेट्रोल हलकं आलं की त्या आठवड्यात दहा गाड्या टायमिंग मागे घ्यायला यायच्या. आता ते काम गाडी स्वतःच करते. ब्लॉकवर सुपारीएवढा नॉक सेन्सर बसवलेला असतो. तो कंप ऐकतो, कॉम्प्युटरला कळवतो आणि कॉम्प्युटर ठिणगी थोडी उशिरा टाकतो. तुम्हाला चार-पाच ठोके ऐकू आले ते त्याच्या आधीचे.

खाडीकाठदादा, घाटात दुसरा गिअर टाका. त्याला पैसे पडत नाहीत.

मालवणी_रापण, मालवण – ३ ऑगस्ट

काकानू, माका येक सांगा. ताकद वाढणा नाय तर मगे १०० ऑक्टेनचा पेट्रोल काढल्यानी तरी कित्याक? हंयसर पोरगे ता घालून बुलेटी फिरवतत आणि छाती काढून सांगतत.

जुनागॅरेज, चिपळूण – ४ ऑगस्ट

रास्त प्रश्न. ज्या इंजिनात दाबच जास्त आहे त्याच्यासाठी ते काढलंय. इंडियन ऑइलने एक्सपी१०० आणलं ते डिसेंबर २०२० मध्ये, मथुरा रिफायनरीतून, आणि ते महागड्या गाड्या-बाइक डोळ्यांसमोर ठेवून. जुन्या मारुती ८००चा कॉम्प्रेशन रेशो, म्हणजे सिलिंडरमध्ये मिश्रण किती पट दाबलं जातं तो आकडा, नवास एकच्या आसपास होता, मारुतीच्याच आजच्या १.२ ड्युअलजेट इंजिनाचा बारास एक आहे. दाब वाढवला की त्याच थेंबातून जास्त काम निघतं, पण तो दाब सोसणारं पेट्रोल लागतं. म्हणजे ताकद इंजिनाच्या बांधणीतून येते. पेट्रोल फक्त तिच्या आड येत नाही. बुलेटचं इंजिन तसं कमी दाबाचं आणि शांत स्वभावाचं. तिला १०० घालून तिच्यात काही बदल होत नाही.

टर्बो_कुडाळ, कुडाळ – ५ ऑगस्ट

काकांशी थोडा असहमत, कारण माझा अनुभव वेगळा आहे. एक लिटरची टर्बो पेट्रोल, थेट इंजेक्शनवाली. आंबोली घाट महिन्यातून दोनदा चढतो. एप्रिल-मेच्या दुपारी साध्या पेट्रोलवर गाडी वळणानंतर जराशी अडून उचलते. ९५वर तसं होत नाही. हा मनाचा खेळ नाही, बायको चालवते तेव्हा तिलाही जाणवतं, आणि टाकीत काय आहे ते तिला मी सांगितलेलंही नसतं.

जुनागॅरेज, चिपळूण – ५ ऑगस्ट

यात असहमती कुठे आहे? टर्बो हवा कोंबते, म्हणजे दाब वाढतो, आणि उन्हाळ्यात ती हवा तापलेली. सेन्सरने ठिणगी मागे घेतली की ताकद तेवढी उतरते. ९५ असलं की मागे घ्यायची वेळ कमी येते. टर्बोवाल्याने मॅन्युअल उघडून बघावं. ९५ सुचवलेलं असेल तर निदान घाटाच्या फेरीआधी तरी घालावं. धागा साध्या गाडीबद्दल आहे म्हणून मी टर्बो बाजूला ठेवली होती.

सह्यपायथा, देवरुख – ८ ऑगस्ट

माझी गाडी साधीच आहे, टर्बो नाही, २०१०ची. संगमेश्वरहून देवरुखला येणाऱ्या चढावर दोन वर्षं वाजायची, दुसऱ्या गिअरमध्येसुद्धा. ९५ सुरू केलं आणि आवाज गेला. आता महिन्याला सहाशे रुपये जास्त जातात, पण इंजिन वाचतंय या समाधानात घालतोय. ‘साध्या गाडीला काही फायदा नाही’ हे सरसकट विधान मला पटत नाही.

जुनागॅरेज, चिपळूण – ८ ऑगस्ट

तुमचा अनुभव खरा आहे, आणि त्यावरूनच मला काळजी वाटते. ९१वर चालायला बांधलेली गाडी दुसऱ्या गिअरमध्येही ९१वर वाजत असेल तर तिला काहीतरी झालंय. पंधरा वर्षांत पिस्टनच्या डोक्यावर कार्बन बसतो. त्याने जागा कमी होऊन दाब वाढतो आणि तो थर उष्णताही धरून ठेवतो. किंवा प्लग चुकीच्या नंबरचे बसवलेत. किंवा इंजिन तापतंय. ९५ने आवाज झाकला, मूळ कारण मात्र तसंच राहिलं. घाट चढताना तापमानाचा काटा कुठे असतो ते बघा. गाडी थंड असताना रेडिएटरचं झाकण उघडून पाण्याची पातळी बघा. आणि एसी बंद ठेवून गाडी दहा मिनिटं उभी चालवा, पंखा आपणहून फिरतो का ते पाहा. आजच बघा, गणपतीपर्यंत थांबू नका.

रसायनवाली, राजापूर – १४ ऑगस्ट

मी बारावीला रसायनशास्त्र शिकवते, त्यामुळे त्या आकड्याबद्दल लिहिल्यावाचून राहवत नाही.

आयसोऑक्टेन नावाचा पदार्थ सहसा आपोआप पेटत नाही, त्याला १०० म्हटलं. नॉर्मल हेप्टेन चटकन पेटतं, त्याला शून्य. ही मोजपट्टी १९२६ साली ग्रॅहॅम एडगर या अमेरिकन रसायनतज्ज्ञाने सुचवली. चाचणीसाठी एक सिलिंडरचं खास इंजिन असतं, त्यातला दाब चालू असतानाच कमी-जास्त करता येतो. ९५ म्हणजे ते पेट्रोल त्या इंजिनात ९५ भाग आयसोऑक्टेन आणि ५ भाग हेप्टेनच्या मिश्रणाइतकंच नॉकिंग करतं. त्यात ‘९५ टक्के ऑक्टेन’ असतंच असं नाही, आणि हा आकडा उष्मांकाचा तर मुळीच नाही. वर्गात मी सांगते, तापमापीवर वजन मोजू नका.

आणखी एक घोळ. माझा आतेभाऊ न्यू जर्सीला असतो. तो म्हणतो, आमच्याकडे सगळे ८७ घालतात, तुमचं ९१ म्हणजे चैन आहे. मोजपट्ट्या दोन आहेत. आपण सांगतो ती रॉन, म्हणजे इंजिन मिनिटाला ६०० फेऱ्यांवर ठेवून घेतलेली सौम्य चाचणी. दुसरी मॉन, ९०० फेऱ्यांवर, मिश्रण तापवून घेतलेली, म्हणून आकडा खाली येतो. अमेरिकेत पंपावर दोन्हींची सरासरी लिहितात. त्यांचं ८७ आपल्या ९१-९२च्या जवळ येतं.

आता मुख्य गोष्ट. साध्या पेट्रोलचा आकडा बीएस-२च्या काळात ८८ होता, बीएस-६मध्ये ९१ (बीएस म्हणजे गाड्यांच्या धुरावरचे सरकारी नियम). आणि २० टक्के इथेनॉल मिसळल्यावर तो ९५ होतो, हे पेट्रोलियम मंत्रालयाने याच महिन्यात सांगितलंय, कारण शुद्ध इथेनॉलचा आकडा १०८च्या वर आहे. म्हणजे पंपावरच्या साध्या नळीतून आज येतं ते जुन्या ‘साध्या’पेक्षा जास्त ऑक्टेनचं आहे. मग सगळ्यांच्या गाड्यांचं ॲव्हरेज वाढायला हवं होतं ना? उलट लोक कमी झाल्याचं सांगतायत, आणि त्याचं कारण सरळ आहे. लिटरभर इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश ऊर्जा कमी असते. नीती आयोगाच्या २०२१च्या आराखड्यातच लिहिलंय की जुन्या पद्धतीच्या, १० टक्क्यांसाठी जुळवलेल्या चारचाकींत ६ ते ७ टक्के, आणि २० टक्क्यांसाठी जुळवलेल्या गाड्यांत १ ते २ टक्के घट येईल. ऑक्टेन वर गेलं, ऊर्जा खाली आली, दोन्ही एकाच टाकीत. आणखी पुरावा हवा असेल तर सीएनजी बघा. तिचं ऑक्टेन १२०च्या वर, आणि तीच गाडी सीएनजीवर चालवली की चढावर पेट्रोलपेक्षा ढिली पडते.

मालवणी_रापण, मालवण – १४ ऑगस्ट

बाई, सीएनजीचा उदाहरण लय बेस. आता समाजला. पण येक रवला. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद आसता. होडयेच्या मशिनीच्या टाकयेत पेट्रोल तसाच ऱ्हवता. औंदा काढून बघितलंय तर खाली धुरकट पाणी. ह्या इथेनॉलचा काय ता?

रसायनवाली, राजापूर – १५ ऑगस्ट

होय, तोच प्रकार. इथेनॉलला पाण्याची ओढ आहे. थोडं पाणी ते सामावून घेतं, पण मर्यादा ओलांडली की पाणी आणि इथेनॉल एकत्र होऊन तळाला बसतात आणि वर नुसतं पेट्रोल राहतं. त्या वरच्या पेट्रोलमधलं इथेनॉल गेलं, म्हणजे त्याचं ऑक्टेनही उतरलं. आणि खालचं जर नळीत आलं तर मशीन सुरूच होत नाही. बंदीआधी टाकी रिकामी करून ठेवणं सगळ्यात चांगलं. ते जुनं पेट्रोल हलवून पुन्हा वापरू नका.

जुनागॅरेज, चिपळूण – १५ ऑगस्ट

बाई म्हणतात ते मी काचेच्या बाटलीत दाखवू शकतो. मागच्या आठवड्यात एक बाइक आली, पावसात बंद पडलेली. मालकाने आधीच ९५ घालून बघितलेलं. टाकीच्या झाकणाच्या खोबणीत पावसाचं पाणी बाहेर काढायला बारीक भोक असतं. ते लाल मातीने बुजलेलं होतं, त्यामुळे पाणी झाकणातून सरळ टाकीत. बाटलीत काढलं तर तळाला चार बोटं गढूळ थर, वर पिवळसर पेट्रोल, मधली रेघ आखल्यासारखी. तारेने भोक साफ केलं, टाकी धुतली, साधं पेट्रोल टाकलं. कोकणात बाइकवाल्यांनी जूनच्या आधी ते भोक बघाच. आम्ही २२ जुलै २०२१चा पूर पाहिलाय, इंधनात पाणी गेलं की काय होतं ते चिपळूणला सांगावं लागत नाही.

गुहागर_येणंजाणं, ठाणे – १६ ऑगस्ट

आमची गाडी पावसाळाभर गुहागरला घराशेजारी उभी असते. इथेनॉल नको म्हणून तिला ९५ भरून ठेवतो. बरोबर आहे का?

रसायनवाली, राजापूर – १६ ऑगस्ट

नाही. ९५ म्हटलं म्हणजे इथेनॉल नाही असं समजू नका, त्यातही मिसळलेलं असतं. झाकणाचं रबर चांगलं आहे ना ते बघा आणि घरच्यांना दहा-पंधरा दिवसांनी गाडी गावातून एक फेरी मारून आणायला सांगा.

रोजचा_लांजा, लांजा – १९ ऑगस्ट

खाडीकाठ यांच्यासारखीच माझी १.२ पेट्रोल, रोज लांजा-रत्नागिरी-लांजा. मार्च ते मे मी हा प्रयोग केलाय. एकच पंप, एकच नळी, पहिल्या खटक्याला थांबायचं, वर चमचाभरही घालायचं नाही. दर सोमवारी टायरची हवा मोजायची. तीन टाक्या साध्या, तीन ९५च्या, आलटून पालटून. वहीतून जसंच्या तसं उतरवतो, आकडे लिटरमागे किलोमीटरचे. साधं १७.४, १७.९, १७.१. ९५चं १७.६, १७.२, १७.८. साध्याच्याच दोन टाक्यांमधला फरक दोन्ही पेट्रोलांच्या सरासरीतल्या फरकापेक्षा कितीतरी मोठा आहे. हायवेवर हातखंब्याला रस्त्याच्या कामामुळे अडकलो की त्या टाकीचं ॲव्हरेज अर्ध्या किलोमीटरने सहज घटतं. पिकअपमध्येही मला फरक कळला नाही.

मी ९५ सोडलं, आणि वाचले त्या पैशांत दोन टायर बदलले.

एक माहिती म्हणून. अमेरिकेत ट्रिपल-ए या मोटारमालकांच्या संघटनेने २०१६मध्ये साध्या पेट्रोलसाठी बनलेल्या गाड्यांवर महागडं पेट्रोल तपासलं, तेव्हा फायदा दिसला नव्हता. वर्षाला २१० कोटी डॉलर लोक विनाकारण खर्च करतात असा त्यांचा हिशेब होता. पुढच्या वर्षी त्यांनी ज्या गाड्यांना उत्पादक महागडं पेट्रोल ‘सुचवतो’ त्या तपासल्या, तिथे सरासरी २.७ टक्के ॲव्हरेज वाढलं. टर्बो_कुडाळ यांच्या म्हणण्याला त्यातून दुजोराच मिळतो.

टर्बो_कुडाळ, कुडाळ – १९ ऑगस्ट

+१. आणि वही ठेवल्याबद्दल मनापासून आभार. पण महागड्या पेट्रोलमध्ये इंजिन साफ ठेवणारं रसायन असतं त्याचं काय?

जुनागॅरेज, चिपळूण – २० ऑगस्ट

असतं, आणि ते चांगलं आहे. पेट्रोल फवारणाऱ्या इंजेक्टरवर राळ बसू देत नाही. पण तो साबणाचा गुण झाला, ऑक्टेनचा नाही. ज्यांना हवं त्यांनी चार-पाच टाक्यांतून एकदा घालावं, माझी हरकत नाही. फक्त पंधरा हजार किलोमीटर एअर फिल्टर न बदलता ९५ घालणारे माझ्याकडे येतात तेव्हा जीव तुटतो. परवाच एका फिल्टरमधून चिमूटभर नाही, मूठभर लाल धूळ आणि पिंपळाची दोन पानं निघाली.

सह्यपायथा, देवरुख – २३ ऑगस्ट

काका, तुमचे आभार कसे मानू कळत नाही. एसी बंद ठेवून गाडी उभी चालवली, पंखा फिरलाच नाही. पंखा चालू करणारा रिले गेला होता. एसी लावला की दुसरा छोटा पंखा चालायचा, म्हणून कधी लक्षात आलं नाही. काटा चढावर मधल्या रेघेच्या वर जायचा, मी समजायचो घाट आहे म्हणून जात असेल. कूलंटही अर्धा लिटर कमी होतं. रिले बसवला, कूलंट भरलं, टाकी संपल्यावर साधं पेट्रोल घातलं. तोच चढ, तोच गिअर, आवाज जवळजवळ गेला. कडक उन्हात अजून एखादा ठोका येतो. मेकॅनिक म्हणाला, कार्बन आहे, गणपतीनंतर साफ करू. इतके दिवस मी महिन्याला सहाशे रुपये देऊन तापणारं इंजिन चालवत होतो.

जुनागॅरेज, चिपळूण – २३ ऑगस्ट

हेड गॅस्केट (इंजिनाच्या डोक्याखालचं सील, इंजिन तापलं की तेच जातं) वाचलं हे गणपतीबाप्पाचं देणं. कार्बन काढताना प्लगचा नंबर मॅन्युअलशी ताडून घ्या.

खाडीकाठ, रत्नागिरी – ९ सप्टेंबर

सगळ्यांना उत्तर द्यायला उशीर झाला, घरी गणपतीची गडबड होती.

काल पुन्हा कोल्हापूरला गेलो. टाकीत साधं पेट्रोल. मुद्दाम तसंच सगळं ठेवलं. पाच माणसं, एसी चालू, डिकी भरलेली. साखरप्यानंतर पाऊस होता आणि या वेळी पुढे एसटी होती. वेग तिसाच्या खाली गेला की दुसरा गिअर, असं ठरवून चाललो. इंजिनाचा नेहमीचा आवाज वाढला, पण खिळे एकदाही वाजले नाहीत. एका वळणावर खात्री करायला मुद्दाम तिसऱ्यात ठेवून पाय दाबला, दोन ठोके आले, लगेच दुसरा टाकला, बंद.

रसायनवाली ताई, आमच्या गाडीच्या झाकणावरचा तो ९१चा आकडा मी आता नीट वाचायला शिकलो. रोजचा_लांजा, तुमच्यासारखी वही कालपासून सुरू केलीय.

घाटमाथ्यावर चहाला थांबलो तेव्हा आईने विचारलं, “आज डबा घरी ठेवून आलास का रे?”